अलिशाबाईचा निरोप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज जे म्हातारे ही गोष्ट सांगतात, त्यांचे पणजे तेव्हा पाळण्यात होते. प्रवरेच्या काठी सांगवखेड नावाचं गाव होतं. तसं ते आजही आहे, पण तेव्हा ते भरलेलं होतं, आणि एका वर्षात ते निम्मं झालं. ते कसं झालं, आणि त्या वर्षी एका बाईने काय केलं, ते ऐका.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, ख्रिस्ती वाडा होता. दहा-बारा घरं, एक पत्र्याचं देऊळ, आणि देवळामागे दगडी कुंपणाची कबरस्तानाची जागा. या वाड्यात शांतवन आणि त्याची बायको राहत. बायकोचं पवित्र शास्त्रातलं नाव अलीशिबा. ते गावाच्या तोंडात बसेना, म्हणून ती अलिशाबाई झाली. तिला अक्षर येत नव्हतं. पण दर रविवारी ती देवळात अगदी पुढे बसायची आणि पाळकबुवा शास्त्रातलं जे वाचतील ते घरी घेऊन यायची. पाळकबुवा पुष्कळ बोलत. अलिशाबाईला त्यातल्या दोन गोष्टी कळल्या होत्या. खरं बोलायचं. आणि दया करायची. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं तेव्हा तिला वाटलं नव्हतं.

शांतवनच्या घराण्याकडे पूर्वी गावातली मेलेली गुरं ओढून न्यायचं काम होतं. ख्रिस्ती झाल्यावर त्याने ते सोडलं आणि तो दगडी भिंती रचायला शिकला. शेतांचे दगडी बांध, विहिरींचे काठ, कबरस्तानाचं कुंपण, सगळ्यांना त्याचे हात लागलेले होते. माणूस अबोल. हात मात्र चांगले.

गावात दोन चुलतभाऊ होते, देवजी पाटील आणि हैबती. दोघांच्या शेतांमधला बांध दरवर्षी इकडे-तिकडे सरकायचा, आणि बांधासोबत दोघांची मनंही. एका सकाळी देवजीच्या गोठ्यात त्याची खिलारी जोडी तोंडाला फेस येऊन मेलेली सापडली. चावडीपुढे गाव जमलं. हैबती पुढे आला आणि म्हणाला, "म्या शांतवनला गोठ्यातून निघताना पाहिला. कातड्यासाठी घातलं त्यानं इख."

कातड्याचं काम शांतवनने सोडून किती वर्षं झाली, हे गावाला ठाऊक होतं. पण बैल मेले होते, आणि कुणीतरी हवं होतं. शांतवन एकच वाक्य बोलत राहिला, "म्या न्हाई केलं." मारणाऱ्यांचे हात थकले तेव्हा त्याला घरी आणून टाकलं. अलिशाबाईने हळद लावली, तांदळाची पेज पाजली. आठवड्याच्या आत तो गेला.

पाळकबुवा घाबरले. देवजी पाटलाच्या मर्जीवर वाडा उभा होता. त्यांनी शांतवनला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, ओढ्याच्या अंगाला पुरलं. त्या कुंपणाचे दगड शांतवननेच रचले होते.

शांतवन आणि अलिशाबाईचा एकुलता एक मुलगा योना. तेव्हा मिसरूड फुटलेला. बापावर माती लोटून तो आईपुढे उभा राहिला. "आई, चल इथून."

"तुझ्या बापाला सोडून कुठं येऊ?"

"मग मी जातो. बापाचं नाव साफ होईल त्या दिवशी निरोप धाड. त्याआधी या मातीत माझा पाय पडायचा न्हाई."

तो सोलापूरला गिरणीत गेला. अलिशाबाई मागे राहिली. त्या दिवशी चावडीपुढे कोण कोण होतं, ते तिला माहीत होतं. हात उचलणारे माहीत होते, नुसते बघत उभे राहिलेलेही माहीत होते. ती रस्त्याने जाताना त्यांना सलाम करायची, कारण तसं शिकवलेलं होतं. पण सलाम करताना ती मान वर करायची नाही, असं म्हणतात.

मग काही वर्षांनी गाठीचा रोग आला.

आधी उंदीर मेले. आढ्यावरून खाली पडायचे, जात्यापाशी, चुलीपाशी. मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या. ताप चढायचा, डोळे लाल व्हायचे, माणूस बरळायचा आणि संपायचा. देवजी पाटलाने दवंडी दिली, गाव उठवा. लोक भांडी-कुंडी घेऊन माळावर गेले. कडब्याच्या आणि तट्ट्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. ज्यांना गाठ आली होती त्यांना मागे, घरातच ठेवलं. आणि गाव नि माळ यांच्या मधे बोराटीच्या काट्यांचं लांबच लांब कुंपण घातलं. आतलं बाहेर येऊ नये, बाहेरचं आत जाऊ नये. लेकीला आई आत ठेवून यावं लागलं, बापाला पोर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

ख्रिस्ती वाडाही उठला. पाळकबुवा म्हणाले, "अलिशाबाई, चला." ती बोचकं बांधून निघालीही. गावातून जाताना एका घरातून कण्हणं ऐकू आलं. ते कोंडाईचं घर होतं, देवजीच्या आत्याचं. त्या घराच्या उंबऱ्याला अलिशाबाईची सावलीसुद्धा चालत नव्हती. अलिशाबाई थांबली. बाकीचे पुढे गेले. आतून "पाणी, पाणी" येत होतं.

तिने बोचकं ओट्यावर ठेवलं आणि उंबरा ओलांडला.

कोंडाईने डोळे उघडले. "कोण गं?"

"मी. अलिशा. ओढ्यापलीकडची."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या हातातल्या तांब्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

कोंडाईचा जीव जायला संध्याकाळ झाली. तोवर अलिशाबाई तिच्या उशाशी बसून होती. जाण्याआधी म्हातारी म्हणाली, "माझ्या सुनेला सांग, कोनाड्यातल्या मडक्यात भुईमुगाचं बी हाय. ते खाऊ नका, पेरा." अलिशाबाई काट्यांच्या कुंपणापाशी गेली. पलीकडे माळ मोठा, खोपी दूर. तिचा आवाज बारीक, देवळात गातानासुद्धा शेजारणीला ऐकू न जाणारा. पण तिने कोंडाईच्या सुनेला हाक मारली तेव्हा ती हाक माळावर प्रत्येक खोपीत गेली. सून चुलीपासून उठून धावत आली. असं म्हणतात, त्या दिवसापासून अलिशाबाईचा आवाज तिचा राहिला नाही. ज्याचा निरोप असेल त्याच्या कानात तो शेजारी बसून बोलल्यासारखा जायचा, मग तो माळाच्या कुठल्याही टोकाला असो.

ती आतच राहिली. घरोघर फिरायची. पाणी पाजायची, ओल्या फडक्याने कपाळ पुसायची, मेलेल्यांना एकटीने ओढत नेऊन माती द्यायची. ज्याची रीत जाळायची, त्याला ती लाकडं रचून जाळायची. ज्याची पुरायची, त्याला पुरायची. आणि रोज कुंपणापाशी येऊन निरोप सांगायची.

निरोप ती जसाच्या तसा द्यायची. एकदा गोविंदा तेल्याचा म्हातारा बाप गेला. कुंपणापाशी गोविंदा आला, हात जोडून उभा राहिला. "काय म्हणाला माझा बा?"

"म्हणाला, गोविंदा आला न्हाई."

गोविंदा मटकन खाली बसला. मागून एक बाई ओरडली, "अगं बये, जरा गोड करून सांगावं की! जाणारा गेला. याला जगायचंय."

"त्याचं तेवढंच होतं," अलिशाबाई म्हणाली. "त्यात मी माझं कसं घालू?"

ती परत फिरली आणि ओढ्यावर जाऊन रडली. गोड करून सांगणं सोपं होतं. पण मेलेल्याजवळ दुसरं काही उरलेलं नसतं. एवढं एक वाक्य असतं. ते आपण बदललं तर त्याचं काहीच पोचलं नाही, असं तिला वाटे.

असे किती गेले, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. गावात कावळ्यांशिवाय कुणी हिंडेना. मग एक दिवस कुंपणाचे काटे बाजूला झाले आणि दोघांनी एका माणसाला झोळीत घालून आत आणून सोडलं. तो हैबती होता.

त्याला त्याच्याच घरात निजवलं होतं. अलिशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली. त्याला बघून तिचे पाय दारातच थबकले. मग ती आत गेली, कारण तोही पाणी मागत होता.

दुपारपर्यंत तो शुद्धीत आला. त्याने तिला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं.  मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "अलिशे, बैलांना इख म्या घातलं हुतं."

तिने तांब्या खाली ठेवला.

"बांधासाठी. देवज्याची जिरवायची म्हणून. मग सगळे इचारायला लागले, कोण, कोण. शांतवनचं नाव तोंडात आलं. वाटलं, दोन फटके देतील आन् सोडतील." तो धापा टाकू लागला. "माझ्या बायकोला, ठकीला म्हाईत हाय. तिनं पाय धरले हुते माझे, खरं सांगा म्हणून. म्या तिला पोरांची आण घातली. हा निरोप तुला हाय. पुढं कुणाला द्यायचा ते तू ठरव."

अलिशाबाई उठली आणि बाहेर गेली. भर उन्हात ती अंगणात उभी राहिली. तिला शांतवनची पाठ दिसली, हळद लावतानाची. तिला योना दिसला, पाठमोरा, सोलापूरच्या वाटेवर. आता एक हाक मारायची होती फक्त. कुंपणापाशी जाऊन एकदा बोललं की नवऱ्याचं नाव धुऊन निघणार होतं आणि मुलगा घरी येणार होता. आत हैबती पाणी मागत होता. "पाणी दे गं. अलिशे, पाणी." ती हलली नाही. तो मागत राहिला. त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि तरी ती उन्हात उभी होती. तेवढ्या वेळात तिचे केस पांढरे झाले, असं म्हणतात.

मग ती आत आली. तिने त्याची मान उचलली आणि तांब्या त्याच्या ओठाला लावला. निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं.

"माफ केलं म्हण," तो म्हणाला. "एकदा म्हण."

"न्हाई झालं अजून माझ्याकडून. खोटं कसं बोलू?"

"मग बसलीस कशाला?"

"तुम्ही एकटे हाय म्हणून."

ती बसली. त्याने तिचा पदर मुठीत धरला, तो तिने सोडवला नाही. ऊन कलायच्या आत हैबती गेला. शेवटी तो पोरांचं काहीतरी बोलला.

ती कुंपणापाशी आली तेव्हा माळावरचे बरेच लोक जमले होते. देवजी पाटील पुढे होता. चुलतभावाशी उभा दावा, तरी आला होता. त्याच्या बाजूला हैबतीची बायको ठकूबाई, कडेवर एक पोर, पदराला दोन. तिने अलिशाबाईचे पांढरे केस बघितले आणि तिचा चेहरा मातीसारखा झाला. तिला कळलं, की हिला कळलं.

अलिशाबाई त्या पोरांकडे बघत होती. माळावर धाकाने वेडी झालेली माणसं होती. गेल्याच आठवड्यात त्यांनी एकीला करणी करते म्हणून खोपीतून हुसकून दिलं होतं, आणि ती रानात मेली होती. एकदा कुणीतरी हवं झालं की गाव काय करतं, ते अलिशाबाईने चावडीपुढे बघितलं होतं.

"ठकूवैनी," ती म्हणाली, "हैबतराव गेले. म्हणाले, पोरांना एकमेकांपासून तोडू नको. भावांना एका ताटात जेवू घाल."

ठकूबाईने कडेवरच्या पोराला छातीशी धरलं. देवजीने विचारलं, "आन् काय म्हणाला? बांधाचं काय? बैलांचं काय बोलला का?"

खोटं तिला बोलता येत नव्हतं. खरं बोलावं तर समोर तीन पोरं होती. 

"आणखी एक निरोप हुता," ती म्हणाली. "तो माझ्यासाठी हुता. मला पोचला."

एवढं बोलून ती वळली आणि ओस गावात परत गेली. देवजीला काही कळलं नाही. ठकूबाई मात्र त्या काट्यांपाशी अंधार पडेपर्यंत उभी होती.

त्यानंतर अलिशाबाई फार जगली नाही. ती वाकून चालू लागली, जणू पाठीवर कुणाला घेतलंय. तरी पाणी नेत राहिली, निरोप आणत राहिली. काही म्हातारे म्हणतात, तिचं चुकलं. नवऱ्याचं नाव तिच्या एकटीचं नव्हतं, त्यावर मुलाचाही हक्क होता. काही म्हणतात, तिने बरोबर केलं. तिला स्वतःला काय वाटलं, ते ती कुणाला बोलली नाही. फक्त एकदा ती देवळात गेली. दार उघडंच होतं, आत कुत्री निजलेली. ती नेहमीच्या जागी, पुढे, बराच वेळ बसून आली. काट्यांच्या कुंपणाबाहेरून एका गुराख्याने ते पाहिलं.

मग तिच्याच काखेत गाठ आली. त्या दिवशी ती कुंपणापाशी आली नाही. लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही आली नाही. सगळ्यांना कळलं. आणि कुणीही काटे बाजूला केले नाहीत. गावात ती एकटी होती. तिला पाणी पाजायला कुणी नव्हतं, कारण पाणी पाजणारी तीच होती. ठकूबाई दोन्ही दिवस काट्यांपर्यंत जायची आणि पोरांकडे बघून मागे फिरायची.

तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना माळावर हाक आली.

सगळ्यांनी ऐकली. खोपीत निजलेल्यांनी, चूल पेटवणाऱ्यांनी, दूर ओहोळावर गेलेल्यांनीही. प्रत्येकाला आपल्या नावाने हाक ऐकू आली, असं म्हणतात. लोक धावत कुंपणापाशी आले. पलीकडे कुणी नव्हतं. नुसता आवाज होता, बारीक, अगदी कानाशी.

"माझा निरोप आणायला कुणी न्हाई, म्हणून मीच आले. माझं आता कुणाकडे काही राहिलं न्हाई. देवजीदादा, तुमच्याकडे न्हाई. गोविंदा, तुझ्याकडे न्हाई. ठकूवैनी, तुमच्या घराकडेही न्हाई. काल झालं माझ्याकडून. पोरांना जपा."

मग काहीच ऐकू आलं नाही.

ठकूबाईने कडेवरचं पोर खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी काटे उपसायला सुरुवात केली. हात फाटले, पदर फाटला. कुणी तिला अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. वाट झाली तशी ती धावत ओढ्यापलीकडे गेली. अलिशाबाई आपल्या घरात, जमिनीवर, कुशीवर पडलेली होती. अंग कधीचं गार झालं होतं. रात्रीच गेली असावी, मग पहाटे हाक कुणी मारली, ते देव जाणे. तांब्या हाताजवळ होता आणि कोरडा होता.

ठकूबाईने तिला उचललं. ती तिला घेऊन परत काट्यांपाशी आली आणि सगळ्यांच्या समोर तिने अलिशाबाईला खाली ठेवलं. मग ती बोलली. बैलांना विष कुणी घातलं, खोटं कोण बोललं, कुणाला माहीत होतं आणि कोण गप्प बसलं. एकही शब्द तिने गाळला नाही. शेवटी म्हणाली, "आता मला काय करायचं ते करा. हिला मात्र आधी माती द्या."

कुणी काही केलं नाही. शांतवनला मारताना ज्यांचे हात उठले होते ते तिथेच उभे होते, जे जगले होते ते. देवजी पाटलाने डोक्याचं पागोटं काढलं आणि जमिनीवर ठेवलं. मग तोच पुढे झाला आणि त्याने अलिशाबाईचे पाय धरून तिला उचललं. ज्यांना तिची सावली चालत नव्हती त्यांनी तिला खांदा दिला.

तिला नवऱ्याशेजारी पुरायचं ठरलं. पण ओढ्याला मधल्या वर्षांत दोनदा पूर येऊन गेला होता. शांतवनची नेमकी जागा कुणालाच सापडली नाही. पाळकबुवा काठी घेऊन बराच वेळ इकडे-तिकडे टोचत हिंडले आणि मग खाली बसून रडू लागले. शेवटी अंदाजाने एक जागा धरली आणि तिथे तिला ठेवलं.

रोग ओसरल्यावर ठकूबाई पोरांना घेऊन पायी सोलापूरला गेली. गिरणीच्या चाळींत विचारत विचारत तिने योनाला शोधून काढलं. दारात उभं राहून, मान खाली घालून, तिने त्याला सगळं सांगितलं. आईचा शेवटचा निरोपही सांगितला, जसाच्या तसा. योनाने पूर्ण ऐकलं. मग आपल्या बायकोला म्हणाला, "या पोरांना जेवायला घाल." आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. ठकूबाई होती तोवर तो घरात आला नाही. सांगवखेडलाही तो कधी आला नाही.

गाव पुन्हा वसलं. पण त्या वर्षापासून तिथे एक रीत पडली, आणि ती अजून चालू आहे. सांगवखेडमध्ये कुणीही गेलं, वरच्या आळीतलं असो की ख्रिस्ती वाड्यातलं, तिरडी असो की पेटी, ती उचलायच्या आधी घरातली सगळ्यांत वडील बाई पुढे येते आणि मोठ्याने विचारते, "अलिशाबाईच्या नावानं विचारते. कुणाचं काही राहिलंय का?"

मग सगळे गप्प उभे राहतात. घाई कुणी करत नाही. ऊन चढलं तरी थांबतात, पाऊस असला तरी थांबतात. पुष्कळदा कुणीच बोलत नाही. पण कधी कधी मागच्या गर्दीतून एखादा माणूस रेटत पुढे येतो, वर्षानुवर्षं त्या घराची पायरी न चढलेला, आणि खाली वाकून मेलेल्याच्या कानाशी काहीतरी बोलतो. काय बोलला, ते कुणी विचारत नाही. तो सरळ उभा राहिला, की मग उचलतात.